आधी मोजलं, मग बदललं : घर थोडं हिरवं करायच्या प्रकल्पाच्या नोंदी

५ जानेवारी, रविवार

आजपासून सुरुवात. तीन महिने घरातली वीज, पाणी आणि कचरा या तीनच गोष्टींकडे नीट बघायचं आणि जे जमेल ते कमी करायचं असं ठरलंय. मोठा खर्च नाही, भिंती फोडायच्या नाहीत, नवीन यंत्रं आणायची नाहीत. घरात आम्ही चौघं, मी, नवरा, आठवीतली लेक आणि माझी आई.

पहिला आठवडा कुणी काहीच बदलायचं नाही, फक्त मोजायचं. हे मुद्दाम ठरवलंय कारण दरवेळी उत्साहात आपण खोल्याखोल्यांतून दिवे बंद करत फिरतो, पंधरा दिवसांनी सगळं पहिल्यासारखं होतं आणि मुळात काय कमी झालं, किती झालं ते कुणालाच सांगता येत नाही. मला ते सांगता यायला हवंय.

साहित्य: विजेचं मीटर, सामान तोलायचा हुकवाला काटा, १० लिटरची बादली, मोबाईलचं स्टॉपवॉच, एक साधा थर्मामीटर, ही वही. सकाळी ८ वाजता मीटर १४३८२.

८ जानेवारी

पाण्याला आमच्याकडे वेगळं मीटर नाही त्यामुळे बादली लावून मोजलं. सिंकचा नळ पूर्ण सोडला की १० लिटर ५५ सेकंदात भरते, म्हणजे मिनिटाला जवळजवळ ११ लिटर. शॉवर मिनिटाला ९. बाथरूममधला एक नळ टपटपतोय, त्याच्याखाली मापाचं भांडं तासभर ठेवलं तर ८५० मिली जमलं. दिवसाचे २० लिटर होतात हे! रोज ऐकू येणारा आवाज आहे, कितीतरी महिने ऐकतोय आणि कुणीच उठून काही केलेलं नाही.

१२ जानेवारी, रविवार

मीटर १४४३७. सात दिवसात ५५ युनिट, दिवसाला साधारण ७.९. ओला कचरा ५.६ किलो, सुका १.९ किलो.

काल रात्री मी आणि लेकीने हातमोजे घातले आणि एका दिवसाचा ओला कचरा वर्तमानपत्रावर पसरला. एकूण ८०० ग्रॅम. साली, देठं, चहाचा चोथा मिळून ५२०. शिजवलेलं पण उरलेलं अन्न १८०. आणि १०० ग्रॅम पालेभाजी, जी कुणी हातसुद्धा न लावता सडली, जुडी तशीच पिशवीत, वरची पानं हिरवी आणि आतली काळी चिकट झालेली, रबरबँडसकट. लेक म्हणाली आई हे कचरा कुठेय, हे तर जेवण होतं. खरंच आहे, ८०० मधले २८० ग्रॅम म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून जास्त माल हा आपण कचरा *केलेला* होता.

आणि हे फक्त आमच्या घरात नाही. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं सुमारे ६० टक्के घरांमधून गेलं, हॉटेलं आणि दुकानं त्यानंतर. माणशी वर्षाला ७९ किलो, फक्त घरचं. मला आधी वाटायचं नासाडी म्हणजे समारंभातल्या पंगती.

ओल्या कचऱ्याचं घरीच खत करायचं मनात आहे, पण त्याच्या आधी हे. आजपासून फ्रिजमध्ये डोळ्यांच्या उंचीच्या कप्प्यात समोर एक उघडा ट्रे, त्यावर चिठ्ठी "आधी हे संपवा". काल उरलेलं, अर्धं कापलेलं, कोमेजायला लागलेलं सगळं तिथे. पालेभाजी आणल्या आणल्या रबरबँड काढून निवडायची आणि कोरड्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायची. ते आईने हातात घेतलंय.

१४ जानेवारी

आज रात्रीचा प्रयोग सगळ्यात जास्त आवडला. वीज मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो, तो प्रत्येक लुकलुकीला ठराविक वीज मोजतो. आमच्या मीटरवर लिहिलंय की ३२०० पल्स, म्हणजे ३२०० लुकलुकी, म्हणजे एक युनिट (प्रत्येक मीटरवर आकडा वेगळा असू शकतो, बघून घ्यावा). त्यावरून हिशोब निघतो की ११२५ ला (एका युनिटचे ३६ लाख वॅट-सेकंद भागिले ३२००) दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागायचं, येणारं उत्तर म्हणजे त्या क्षणाला घरात चालू असलेले वॅट.

सगळे दिवे पंखे बंद केले, फ्रिजचा प्लग पंधरा मिनिटांपुरता काढला, घरात "काहीही चालू नाही" अशी परिस्थिती. मी टॉर्च घेऊन मीटरसमोर, लेक स्टॉपवॉच घेऊन शेजारी. दिवा लुकलुकला, वाट बघितली, २५ सेकंदांनी परत लुकलुकला. म्हणजे ४५ वॅट! काहीही चालू नसताना! दिवसभराचं धरलं तर एक युनिटच्या वर.

मग नवरा आत एकेक प्लग काढत गेला आणि आम्ही बाहेरून आकडा ओरडून सांगत होतो. सेट टॉप बॉक्स काढला, ३४ सेकंद, म्हणजे त्या एका डब्याचे १२ वॅट. टीव्ही आणि साऊंडबार, ४५ सेकंद. कॉम्प्युटर, मॉनिटर, प्रिंटर मिळून, ८० सेकंद. मायक्रोवेव्हचं घड्याळ, ९४ सेकंद. शेवटी राहिला राउटर आणि दारावरची बेल, साधारण १२ वॅट, तेवढे राहू देत.

मोबाईलचा चार्जर नुसता प्लगमध्ये राहिला तर किती वीज जाते यावर सगळीकडे बोललं जातं, पण रिकामा नवा चार्जर इतकं कमी खातो की आमच्या या पद्धतीने तो मोजताच आला नाही. सेट टॉप बॉक्स मात्र रिमोटने बंद केला तरी आत जवळजवळ पूर्ण जागाच असतो. लक्ष द्यायचं तर तिकडे.

१८ जानेवारी

टीव्ही-कॉम्प्युटरचं मेन बटण झोपताना बंद करायचं ठरवलं होतं. चार रात्रींत तीनदा विसरलो. कारण शोधलं तर ते बटण टीव्हीच्या मागे, कॅबिनेटच्या खाली, वाकून हात घालावा लागतो. झोप आलेली असताना कोण वाकणार.

आज एक्स्टेंशन बोर्ड बाहेर काढून कॅबिनेटच्या बाजूला, खोलीतल्या दिव्याच्या बटणाखाली हातभर अंतरावर स्क्रूने बसवला. आता दिवा बंद करतो तोच हात खाली गेला की काम होतं. बघू.

१९ जानेवारी, रविवार

खताचं काम सुरू. दोन जुने ४० लिटरचे झाकणाचे ड्रम होते, त्यांना चारी बाजूंनी आणि तळाला ड्रिलने भोकं पाडली, खाली विटा आणि ताट. तळाशी चार बोटं सुका पालापाचोळा आणि फाडलेला पुठ्ठा, त्यावर कुंडीतली जुनी माती दोन मुठी, कारण तिच्यात जिवाणू असतातच, विकतचं कल्चर नाही आणलं तरी चालतं.

हे का करायचं ते लेकीला समजावताना मलाही नीट समजलं. ओला कचरा डंपिंगच्या ढिगाखाली दबला की त्याला हवा मिळत नाही, आणि हवेविना कुजलं की मिथेन होतो, जो २० वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या ८० पट वातावरण तापवतो. तोच कचरा हवा खेळती ठेवून कुजवला की मिथेन जवळजवळ होतच नाही. म्हणजे या ड्रमचं मुख्य काम खत करणं नसून हवा देणं आहे, खत आपोआप होतं.

२२ जानेवारी

गरम पाणी. १ लिटर पाणी १ अंशाने तापवायला ४.२ किलोज्यूल लागतात, आणि एक युनिट वीज म्हणजे ३६०० किलोज्यूल. हे लेकीला शाळेत झालेलं आहे त्यामुळे गणित तिच्याकडे दिलं. १५ लिटरची बादली २५ अंशांवरून ४० वर न्यायची तर ०.२६ युनिट. तेवढ्यात ९ वॅटचा एलईडी दिवा २९ तास चालतो. तिने वहीत दोनदा भागाकार करून बघितला.

मग तिने स्वतःच विचारलं की शॉवरचं किती. ती सात मिनिटं घेते, ९ लिटरने ६३ लिटर, म्हणजे १.१ युनिट. आमच्या चार बादल्या. कुणी काही बोललं नाही आणि बोलायची गरजही नव्हती, आकडा तिने काढलेला होता. शॉवरमध्ये बसणारी प्रवाह कमी करायची छोटी चकती मिळते ती बसवलीय, आता मिनिटाला ६ लिटर येतं आणि तिने पाच मिनिटांत आटपायचं ठरवलंय. ३० लिटर, अर्धा युनिट.

गीझर २५ लिटरचा, २००० वॅटचा. सकाळी ६ ते साडेआठ चालू असायचा आणि मधे मधे परत तापत राहायचा. हिशोबाने त्याला थंड पाण्यापासून ६० अंशांना पोचायला अर्धा तास पुरतो. म्हणून पहिल्या आंघोळीच्या अर्धा तास आधी चालू, सगळ्यांनी लागोपाठ आंघोळी करायच्या आणि शेवटची सुरू झाली की बंद. गीझरचं तापमान कमी करून ठेवायचा सल्लाही मिळाला, तो मी घेतला नाही, कारण साठवलेलं पाणी ६० अंशांच्या खाली कोमट राहिलं तर त्यात लिजिओनेला नावाचे जिवाणू वाढू शकतात आणि त्यांच्यामुळे न्यूमोनिया होतो. घरात वयस्कर माणूस आहे. वेळ कमी करायचा, तापमान नाही.

२६ जानेवारी

बोर्डाचं बटण आठ रात्रींत एकदाही विसरलो नाही. कुणी कुणाला आठवण केली नाही. नोंद करून ठेवतेय कारण मला हे फार महत्त्वाचं वाटतंय, आम्ही माणसं तीच होतो, फक्त बटण हललं.

२८ जानेवारी

ड्रममधून वास. झाकण उघडलं तर आंबट, नाक मागे घ्यावं असा, आणि तळातल्या ताटात तपकिरी पाणी. दोन दिवस फळांच्या साली भरपूर निघाल्या होत्या आणि त्यावर सुकं काही पडलं नव्हतं. मूठभर उचलून पिळलं तर बोटांमधून पाण्याची धार लागली, खरं तर पिळलेल्या स्पंजइतकंच ओलं हवं, फार तर एक-दोन थेंब यावेत.

सगळं जुन्या पोत्यावर ओतलं आणि अर्धा तास पसरून ठेवलं. मधे मधे गच्च काळे गोळे झालेले, तिथे हवाच गेली नव्हती, ते हाताने फोडले. मग ओल्याच्या दुप्पट सुका पाला आणि बोटभर तुकडे केलेला पुठ्ठा कालवून परत भरलं. हे माप वजनाचं नाही, आकारमानाचं, म्हणजे एक वाडगा ओला तर दोन वाडगे सुका. जिवाणूंना एक भाग नायट्रोजनला साधारण २५ ते ३० भाग कार्बन लागतो, सालींत नायट्रोजन पुरेसा असतो, कार्बन सुक्या पाल्यातून येतो.

चूक कुठे झाली ते बघितलं तर परत तीच गोष्ट. सुक्या पाल्याची गोणी घरात मागच्या बाजूला आणि ड्रम पुढच्या बाल्कनीत. रात्री कचरा टाकायला आलेला माणूस पाल्यासाठी परत आत जात नाही. गोणी आता ड्रमच्या डाव्या हाताला, आत वाडगा ठेवलेला.

३० जानेवारी

वास गेला. दोन दिवसात! थर्मामीटर मधोमध खुपसला तर ४१ अंश, बाहेर २६. लेकीने हात ठेवून बघितला आणि आजीला बोलावून आणलं.

२ फेब्रुवारी

टपकणारा नळ. खालचा कॉक बंद केला, मूठ काढली, पान्याने स्पिंडल सोडवलं, तळाचा रबरी वायसर झिजून मधे खड्डा पडला होता, नखाने तुकडा निघत होता. नवा घातला, आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून परत बसवलं. वीस मिनिटं लागली. रात्री बाथरूममध्ये शांतता.

सिंकच्या नळाला जाळीवाला एरेटर लावला, तो पाण्यात हवा मिसळतो, त्यामुळे धार भरीव वाटते पण मिनिटाला ५ लिटरच येतं. भांडी विसळायला काही फरक जाणवत नाही. बादली भरायच्या नळाला मात्र लावू नये, बादली दहा लिटरचीच भरायची आहे, तिथे नुसता वेळ जातो.

फ्लशच्या टाकीत खायच्या रंगाचे चार थेंब टाकून वीस मिनिटं कुणी वापरायचं नाही असं सांगितलं. कमोडमध्ये फिकट लाल पाणी उतरलं होतं, म्हणजे आतली रबरी झडप नीट बसत नाहीय. हा गळतीचा प्रकार फार वाईट कारण आवाजच नाही. झडप काढून पुसली, तिच्यावर क्षाराचा थर होता, तो निघाल्यावर परत चाचणी केली, पाणी स्वच्छ. आमची टाकी जुनी, १० लिटरची, तिच्यात पाण्याने भरलेली १ लिटरची बाटली उभी ठेवलीय, प्रत्येक फ्लशला लिटरभर वाचतं. वीट ठेवायची नाही, ती पाण्यात झिजते आणि तिची माती झडपेत अडकते.

९ फेब्रुवारी

सकाळी आईचा आवाज आला, ड्रममध्ये अळ्या. राखाडी-पांढऱ्या, चपट्या, बोटाच्या पेराएवढ्या, शेकड्याने. सालीच्या खाली सगळे मिळून हलत होते आणि कान जवळ नेला तर बारीक चुरचुर ऐकू येत होती. आईला ते अजिबात आवडलं नाही, ड्रमच बंद कर म्हणाली.

ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या आहेत या. ही घरमाशी नाही, पूर्ण वाढलेली माशी चावत नाही आणि अन्नावर घोंघावतही नाही, आणि अळ्या कचरा इतक्या वेगाने खातात की जगात काही ठिकाणी मुद्दाम पाळतात. मी आईला सांगितलं, तिने ऐकून घेतलं, पण तरी बाल्कनीत बसायची जागा तिची आहे आणि तिला तिथे अळ्या नको असतील तर त्याचाही मान राखायला हवा. म्हणून वर तीन बोटं जाड सुक्या पाल्याचा थर, ओला कचरा नेहमी त्याच्याखाली खड्डा करून टाकायचा, भोकांना आतून जाळी. उघडा ओला कचरा दिसला नाही की माशी अंडी घालायला येत नाही. आहेत त्या अळ्या आपलं काम करून जातील.

१६ फेब्रुवारी

पहिला ड्रम भरला. झाकण लावून तारीख लिहिली, आठवड्यातून एकदा ढवळायचं. दुसरा सुरू.

१८ फेब्रुवारी

फ्रिज. पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर ठेवून रात्रभर आत ठेवला, सकाळी १ अंश. ४ अंश पुरतात. नॉब दोन घरं मागे केला, दुसऱ्या दिवशी बरोबर ४. दाराच्या रबरात कागद धरून दार लावलं आणि ओढून बघितला, वरच्या कोपऱ्यात कागद सहज सुटला, तिथे रबरावर जुना चिकट थर होता, साबणाच्या कोमट पाण्याने पुसल्यावर धरतो. मागच्या जाळीवर धुळीची गोधडी साचली होती, प्लग काढून ब्रशने साफ केली आणि फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ओढला.

२३ फेब्रुवारी

शिजवताना झाकण. एकाच शेगडीवर, एकाच आचेवर, तेच पातेलं, १ लिटर पाणी. उघडं ५ मिनिटं ५० सेकंद, झाकून ४ मिनिटं ४०. कुकरला पहिली शिट्टी झाली की आच बारीक करायची, कारण पूर्ण दाबाला आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास जातं आणि तिथेच थांबतं, मोठ्या आचेने तापमान वाढत नाही, नुसती वाफ बाहेर जाते. आई हे गेली चाळीस वर्षं करतेय, तिला नवीन काहीच नव्हतं, उलट तिनेच सांगितलं की गॅस दोन मिनिटं आधी बंद कर, जाड बुडाचं भांडं उरलेलं शिजवून घेतं.

वॉशिंग मशीनही बघितलं, प्लगमध्ये लावायचं मीटर ओळखीतून मिळालं होतं. ४० अंशांचा प्रोग्राम ०.६२ युनिट, थंड पाण्याचा ०.१४. बाकीचं सगळं पाणी तापवण्यात जातं. रोजचे कपडे थंड पाण्यातच, आजारी माणसाचे आणि फार मळके तेवढे गरम. मशीन भरल्याशिवाय लावायचं नाही, साबण पाकिटावर लिहिलंय त्याच्या अर्धा घालून बघितला, कपडे तेवढेच स्वच्छ, आणि विसळताना फेस कमी.

२ मार्च

साफसफाईच्या "नैसर्गिक" नुस्ख्यांबद्दल. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून फसफसवायचं असं सगळीकडे सांगतात. मी केलं, सिंक होतं तसंच राहिलं. एक आम्ल, एक अल्कली, दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि खाली राहतं बहुतेक पाणी. वेगवेगळे मात्र दोन्ही चांगले आहेत, नळावरच्या क्षाराला व्हिनेगरचं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवलं की डाग निघतो, आणि जळक्या भांड्याला सोडा लावून घासलं की ओरखडे न पडता निघतं. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा टॉयलेट क्लीनर कधीही मिसळायचं नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो, बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

९ मार्च

सुका कचरा. आठवड्याचा सगळा टेबलावर मांडला. प्लास्टिकवर तीन बाणांचा त्रिकोण आणि आत आकडा असतो, १ म्हणजे पेट, २ एचडीपीई, ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. १९८८ मध्ये ही पद्धत आली ती प्लास्टिकचा प्रकार ओळखता यावा म्हणून, तो त्रिकोण म्हणजे "हे रिसायकल होतं" असं वचन नाही. मी इतकी वर्षं तसंच समजत होते आणि मला याचं वाईट वाटलं, कारण त्या भरवशावर खूप काही निर्धास्तपणे आणलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असं निघालं की २०१५ पर्यंत जगात जमलेल्या एकूण प्लास्टिक कचऱ्यापैकी साधारण ९ टक्केच रिसायकल झालं होतं.

टेबलावरचं वजनाने सगळ्यात जास्त पुठ्ठा आणि बाटल्या होत्या, ते धुवून वाळवून भंगारात जातं. पण नगाने सगळ्यात जास्त होती चकचकीत पाकिटं, आतून चंदेरी, प्लास्टिक आणि ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवलेले. ते थर वेगळे करणं इतकं अवघड असतं की त्यांचं फारसं काही होत नाही. ५३ पाकिटं मोजली एका आठवड्यात. इथे वेगळं करून ठेवण्यात अर्थ नाही, आणायचीच कमी. रोज लागणारं मोठ्या पॅकमध्ये घ्यायचं आणि डब्यात काढायचं, एवढ्यावर पुढच्या आठवड्यात किती होतात ते बघू.

ॲल्युमिनियमचे कॅन आणि डबे मात्र एकही कचऱ्यात जाऊ द्यायचा नाही. जुन्यापासून नवं ॲल्युमिनियम करायला खनिजापासून करण्यापेक्षा ९५ टक्के कमी ऊर्जा लागते.

१६ मार्च

पाकिटं ५३ वरून ३१.

कापडी पिशव्या. घरात शोधल्या तर १७ निघाल्या आणि तरी आपण दुकानात प्लास्टिकची मागतो. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने २०११ मध्ये हिशोब मांडला होता, एकदा वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीइतका हवामानावरचा भार उतरवायला सुती पिशवी १३१ वेळा वापरावी लागते, कारण कापूस पिकवायला, विणायला, रंगवायला पाणी आणि ऊर्जा लागते. म्हणून एकही नवी कापडी पिशवी घ्यायची नाही, भेट म्हणूनही नको म्हणायचं. आहेत त्या १७ फाटेपर्यंत. दोन दाराच्या कडीला, दोन गाडीत, एक माझ्या पर्समध्ये घडी करून. सामान काढून झालं की पिशवी कपाटात नाही, थेट कडीला. हे कडीचं आईने सुचवलं.

२० मार्च

खणातले जुने मोबाईल, चार्जर, वायरी, बॅटऱ्या बाहेर काढल्या. एका मोबाईलची बॅटरी फुगून मागचं झाकण उचललं गेलं होतं, ती दाबायची नाही, टोचायची नाही, घरी चार्ज करून बघायची नाही, तसाच फोन वेगळ्या पत्र्याच्या डब्यात ठेवून ई-कचरा केंद्रात दिला. चालू असलेला एक फोन आईच्या ऑडिओ पुस्तकांसाठी ठेवला. २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातल्या २२ टक्क्यांच्या आसपासचीच नीट रिसायकल झाल्याची नोंद आहे, बाकीचा बहुतेक असाच कुठल्या ना कुठल्या खणात नाहीतर ढिगात पडून असणार.

३० मार्च, रविवार

परत पूर्ण आठवडा मोजला. २३ तारखेला मीटर १४८९९, आज १४९४२. ४३ युनिट, दिवसाला ६.१. जानेवारीत ७.९ होते. आणि या आठवड्यात पंखे तेव्हापेक्षा जास्त चालले आहेत, त्यामुळे दोन आठवडे अगदी सारखे नाहीत हे धरून चालायचं, पण पंखे वाढूनही आकडा खाली आलाय.

ओला कचरा तयार झाला ४.३ किलो (तेव्हा ५.६), त्यातला घराबाहेर गेला ६०० ग्रॅम, तेलकट उरलेलं आणि मोठ्या कोयी. सुका १.३ किलो. "आधी हे संपवा" ट्रे बहुतेक दिवशी रात्री रिकामा असतो, चिठ्ठी केव्हाच पडली, आता लागत नाही.

पहिला ड्रम उघडला. अर्ध्याच्याही खाली बसला होता. वर सुका पाला होता तसाच, पण त्याखाली हात घातला तर गार, काळपट, भुसभुशीत, साल कुठली आणि पुठ्ठा कुठला ते ओळखू येत नव्हतं, फक्त एका फळाचं स्टिकर जसंच्या तसं निघालं. मधे मधे पांढरी पिठासारखी बुरशी. आणि वास पहिल्या पावसाचा! तो वास मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जिवाणूंनी बनवलेल्या जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो, आणि तो यायला लागला की खत तयार होत आलंय असं धरायला हरकत नाही. आईने स्वतःहून हात घातला, चिमूट उचलून वास घेतला आणि तिची कुंडी पुढे सरकवली.

चाळणीने चाळलं, बारीक ३.२ किलो. जाड राहिलं ते, अंड्याची टरफलं, काड्या, दुसऱ्या ड्रममध्ये परत, त्याच्याबरोबर जिवाणूही जातात.

६ एप्रिल

राहिलेली कामं लिहून ठेवते. बेसिनचा नळ अजून मोजलेला नाही. तिन्ही पंखे जुने, ७५ वॅटचे, नवे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) पंखे ३० वॅटच्या आसपास घेतात, पण चालू पंखा फेकून नवा आणायचा नाही, पहिला बिघडला की त्याच्या जागी. पाकिटं या आठवड्यात ३४, परत थोडी वाढली, कारण शोधायचंय. वॉटर फिल्टरमधून वाया जाणारं पाणी बादलीत जमवून फरशी पुसायला घेतोय, कुंड्यांना नको कारण त्यात क्षार जास्त असतात.

दुसरा ड्रम काठाशी आलाय. लेकीने पहिल्याच्या तळात सुका पाला भरून ठेवलाय, आज रात्रीपासून तिकडे.